बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी रेस्ट एपीआय: लारावेल, फास्टएपीआय की स्प्रिंग बूट? (सांगली-तासगाववाल्यांनी जास्त बोला)

बेदाणा४२ · १४ नोव्हेंबर, रात्री १०:१२

रामराम मंडळी. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

तासगाव पट्ट्यात एका कोल्ड स्टोरेजचं काम मिळालंय, मी आणि माझा मावसभाऊ, दोघंच. सध्या त्यांच्याकडं व्हीबीमधला जुना प्रोग्रॅम आहे, एकाच काँप्युटरवर चालतो, आवक पावती आणि गेटपास छापतो, तेवढंच. मालकांना आता असं पाहिजे की शेतकऱ्याला आपल्या किती पेट्या कुठल्या चेंबरला आहेत ते मोबाईलवर दिसावं, अडत्यानं सौदा झाला की तिथनंच डिलिव्हरी ऑर्डर टाकावी, आणि गेटवरच्या पोरानं टॅबवर आवक घ्यावी. म्हणजे पुढं तीन ॲप आणि मागं एकच सर्व्हर. मागं रेस्ट एपीआय (ॲपनं सर्व्हरला वेबवरनं विचारायचं-सांगायचं दार) करायचा एवढं ठरलंय, कशात करायचा त्यावर मात्र घरात भांडण लागलंय.

मला लारावेल (पीएचपीचं फ्रेमवर्क, म्हणजे सर्व्हर लिहायचं तयार सामान) येतं, डिप्लोमापासनं त्यातच हात बसलाय. मावसभाऊ म्हणतोय नोड आणि एक्सप्रेस (जावास्क्रिप्टमधलं) घेऊ आणि मायक्रोसर्व्हिसेस करू, म्हणजे एका सर्व्हरचे छोटे तुकडे, आवकेची वेगळी, जावकेची वेगळी, भाड्याची वेगळी. मालकांचा पुतण्या पुण्यात हिंजवडीला असतो, त्यानं फोनवर सांगितलं की स्प्रिंग बूटशिवाय (जावाचं फ्रेमवर्क) काही घेऊ नका. आणि यूट्यूबवर बघावं तर तिथं सगळे फास्टएपीआय फास्टएपीआय (पायथनचं) करतायत. मधेच एकानं ग्राफक्यूएलची (ॲपला पाहिजे तेवढंच एका क्वेरीत मागायची पद्धत) पुडी सोडली.

फेब्रुवारी संपता संपता माल यायला लागतो, मार्चात गेटवर टेंपोची रांग असते. म्हणजे हातात तीन महिने. काय घेऊ?

हळदीचा_डाग · १४ नोव्हेंबर, रात्री १०:३१

फास्टएपीआय, डोळे झाकून.

टाइप लिहून दिले की तपासणी आपोआप होते, पेट्यांच्या रकान्यात कुणी "दोनशे" असं अक्षरी टाकलं तर ४२२ ("पाठवलेलं चुकीचं आहे" सांगणारा एचटीटीपी स्टेटस) परत जातो, तुला एक ओळ लिहायला लागत नाही. आणि डॉक्सचं पान (कुठल्या एंडपॉइंटला, म्हणजे एपीआयच्या पत्त्याला, काय पाठवायचं ते सांगणारं) आपोआप तयार होतं, मावसभाऊ ॲप करताना "या एंडपॉइंटला काय पाठवू" म्हणून दहा वेळा फोन करणार नाही. मी मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या दुकानाचं काम यात केलंय, दोन आठवड्यात उभं राहिलं.

मिरज_जंक्शन · १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पुतण्याचं अगदीच चुकीचं नाही बरं का. मी गेली सोळा वर्षं जावाच लिहितोय (मूळचा मिरजेचा, पोटापायी पुण्यात). आमची सुरुवात सोपपासनं (सगळं एक्सएमएलमधनं बोलणारी जुनी पद्धत), तिथं डब्ल्यूएसडीएलची (सर्व्हिसच्या वर्णनाची) फाईल उघडली की माणूस गुदमरायचा, एका शिल्लक चौकशीला चार पानी एक्सएमएल. २०१४ ला स्प्रिंग बूटचं १.० आलं आणि निदान ती एक्सएमएलची कॉन्फिगरेशनं लिहिण्यातनं सुटलो. ट्रान्झॅक्शन, व्हॅलिडेशन, टेस्ट, सगळं एका जागी मिळतं आणि दहा वर्षांनी पण कुणीतरी दुरुस्त करणारा सापडतो.

पण बेदाणा भाऊ, तुम्ही दोघंच. एक जीबीच्या भाड्याच्या सर्व्हरवर जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्रॅम) आणि डेटाबेस शेजारी शेजारी बसवले की दोघांची मांडी मांडीला लागते. आणि मुख्य म्हणजे पुतण्याला विचारा, मार्चात रात्री दीडला गेट अडकलं तर तो हिंजवडीतनं येणार आहे का?

मायक्रोसर्व्हिसेस मात्र नको. आवक एका डेटाबेसला आणि भाडं दुसऱ्याला ठेवलं तर मधला हिशोब जुळवायला तिसरा माणूस ठेवायला लागेल.

अजिंक्यतारा · १५ नोव्हेंबर, सकाळी ७:४८

साताऱ्यातनं बोलतोय, चालेल ना 😀

गो भाषा बघा की. २०२४ च्या फेब्रुवारीत १.२२ आलं तेव्हापासनं त्याच्या मूळ लायब्ररीतच गेट (माहिती मागणं), पोस्ट (नवीन घालणं) असं एचटीटीपीच्या मेथडनुसार आणि पाथमधल्या आयडीनुसार राउटिंग करता येतं, वेगळं फ्रेमवर्क लागत नाही. बिल्ड केलं की एकच फाईल, ती सर्व्हरवर टाकली की झालं. मेमरी पण किरकोळ खातं.

हळदीचा_डाग · १५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

गोमध्ये प्रत्येक दोन ओळींमागं एरर तपासायची, त्यात सीझन निघून जाईल त्याचा

तिसरी_शिफ्ट · १५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत वाचलं. सगळ्यांनी आपापल्या आवडीची नावं सांगितली, कोल्ड स्टोरेजला नेट कसं आहे ते एकानंही विचारलं नाही.

मी कुपवाडला असते, एमआयडीसीत. दोन सीझनमागं असल्याच एका कोल्ड स्टोरेजचं काम आमच्या टीमनं केलं होतं (नाव विचारू नका). फ्रेमवर्क चांगलंच होतं, डॉक्सचं पान होतं, टेस्ट होत्या. मार्चात एका संध्याकाळी काय झालं ते सांगते.

चेंबरच्या भिंती जाड इन्सुलेटेड पॅनेलच्या, आत गेलं की मोबाईलला रेंज शून्य. गेटवर एक काडी, ती पण टेंपो आडवा लागला की जाते. गेटवरच्या पोरानं आवक भरली, २४० पेट्या, सेव्ह दाबलं. रिक्वेस्ट सर्व्हरला पोचली, पावती पडली, पण उत्तर परत येताना नेट गेलं. टॅबवर चक्र फिरतंय. तीस सेकंदांनी टाइमआउट, आमच्या लायब्ररीनं शहाणपणा करून आपणहून परत पाठवलं. दुसरी पावती पडली. पोराला काहीच दिसेना म्हणून त्यानं मागं येऊन पुन्हा सेव्ह दाबलं. तिसरी.

एका टेंपोच्या तीन पावत्या. पेटी १५ किलोची, म्हणजे ३,६०० किलो माल आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर १०,८०० किलो. त्या रात्री असले अकरा टेंपो निघाले. शेतकरी बिचारा प्रामाणिक, सकाळी स्वतःच फोन करून म्हणाला "ओ मॅडम, माझ्या बागंत एवढी द्राक्षंच नव्हती". सगळेच फोन करतील असं नाही. आम्ही चार दिवस चेंबरमध्ये स्वेटर घालून पेट्या मोजत होतो.

तर भाऊ, आधी हे ठरव, मग लारावेल की काय ते बघ.

विश्रामबाग_तिसरं_वर्ष · १५ नोव्हेंबर, दुपारी १:४४

ताई पण मग यावर उपाय काय केला? रिट्राय बंद केला का? आम्हाला कॉलेजात रेस्ट म्हणजे गेट पोस्ट पुट डिलीट एवढंच सांगितलंय आणि परीक्षेला चार फरक लिहा असं येतं

तिसरी_शिफ्ट · १५ नोव्हेंबर, रात्री ९:३५

रिट्राय बंद करून चालत नाही रे, नेट तर जाणारच. आणि तुझ्या त्या चार फरकांतला खरा फरक इथंच कामाला येतो. गेट, पुट, डिलीट एकदा केलं काय आणि पाचदा केलं काय, सर्व्हरवरचा परिणाम एकच राहिला पाहिजे, याला आयडेम्पोटंट म्हणतात. पोस्टला तशी हमी नाही. हे कुणा फ्रेमवर्कवाल्याचं मत नाही, एचटीटीपीच्या मूळ नियमात आहे, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ९११०, २०२२ चा.

आम्ही उपाय तीनदा केला, दोनदा चुकलो. ते सांगते कारण तू पण हेच करशील.

पहिल्यांदा ठरवलं की प्रत्येक आवकेला टॅबनंच एक खूण द्यायची, यूयूआयडी (कुणाशी जुळणार नाही असा लांबलचक नंबर), ती रिक्वेस्टच्या हेडरमधनं जाईल, सर्व्हरला तीच खूण परत दिसली की नवीन पावती पाडायची नाही. पण आम्ही ती खूण सेव्हचं बटण दाबल्यावर तयार करत होतो. पोरानं पुन्हा दाबलं की नवी खूण, नवी पावती. हात कपाळाला. मग फॉर्म उघडतानाच खूण तयार केली आणि टॅबच्या आतल्या एसक्यूलाइटला (छोटा डेटाबेस) लगेच लिहून ठेवली, का तर पोरगं ॲप बंद करून परत उघडायचं.

दुसऱ्यांदा चूक सर्व्हरवर. आम्ही लिहिलं होतं की आधी शोध, ही खूण आहे का, नसेल तर पावती घाल. दिसायला बरोबर. पण एकाच खुणेच्या दोन रिक्वेस्ट पाठोपाठ आल्या, दोघींनी शोधलं, दोघींना नाही सापडलं, दोघींनी घातली. लॉगमध्ये दोघींत ४० मिलिसेकंदांचं अंतर होतं. ते कोडात तपासून भागत नाही, डेटाबेसमध्येच त्या रकान्याला युनिक कन्स्ट्रेंट (तेच दोनदा घेऊ न देणारी अट) पाहिजे. दुसरीला डेटाबेस हाकलतो, मग तुम्ही पहिली पावती शोधून तीच परत द्यायची, टॅबला वाटतं झालं काम.

आणि खूण तीच पण पेट्यांचा आकडा वेगळा आला तर गुपचूप जुनी पावती देऊ नका. ते ४२२ नं परत पाठवा, काहीतरी गडबड आहे.

यातलं काय फ्रेमवर्कनं दिलं? काही नाही. लारावेलमध्ये होतं, एक्सप्रेसमध्ये होतं, गोमध्ये पण होतं.

बेदाणा४२ · १५ नोव्हेंबर, रात्री १०:०२

ताई साष्टांग. अंगावर काटा आला, आमच्या गेटवर पण एकच काडी असते.

एक विचारू, हेडरात खूण पाठवण्यापेक्षा सरळ पुट /पावत्या/खूण असंच केलं तर? म्हणजे पावतीचा पत्ताच टॅब ठरवतोय.

तिसरी_शिफ्ट · १५ नोव्हेंबर, रात्री १०:११

चालतंय की. उलट साफ आहे. पहिल्यांदा २०१ (नवीन तयार झालं), नंतर २०० (ठीक आहे). पैशाच्या गेटवेवाल्यांमुळं हेडरची पद्धत रूढ झाली, कारण तिथं पोस्ट सोडता येत नव्हता. तुझं कोरं काम आहे, पुट घे. फक्त छापील पावती नंबर वेगळा ठेव, तो ओळीनं सर्व्हर देईल, यूयूआयडी कुणी वहीत लिहून घेणार नाही.

जुनं_ते_सोनं · १६ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

एवढा काथ्याकूट कशाला? आम्ही बारा वर्षं सगळं पोस्टनं घेतो आणि सगळ्याला २०० नं उत्तर देतो, आत सक्सेस खरं की खोटं लिहितो. पुट, पॅच, ४०९, ४२२, कोण लक्षात ठेवतंय. काही बिघडलं नाही आजवर.

मिरज_जंक्शन · १६ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

साहेब, बिघडलं असेल पण तुम्हाला कळलं नसेल, कारण लॉगला सगळं २००च दिसतंय 😀

चेष्टा सोडा. मधे जेवढी यंत्रणा असते, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), फोनमधली एचटीटीपी लायब्ररी, ब्राउझरचं कॅश, मॉनिटरिंग, ही सगळी तुमच्या जेसनच्या (उत्तरातल्या मजकुराच्या) आत डोकावत नाही, ती फक्त मेथड आणि स्टेटस बघते. ५०३ (सर्व्हर आत्ता तयार नाही) दिसला तर लायब्ररी थोडं थांबून परत पाठवते, ४२२ दिसला तर पाठवत नाही कारण तेच चुकीचं परत पाठवून काय उपयोग. दोन्हीला २०० दिलं तर ते तिला कळायचं कसं? आणि एरर सांगायची पद्धत रोज नवी काढू नका, त्यालाही ठरलेला साचा आहे, २०१६ पासनं, सुधारून २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ झाला. प्रकार, शीर्षक, स्टेटस, तपशील. बास.

जुनं_ते_सोनं · १६ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

आमच्या गिऱ्हाइकाकडं मॉनिटरिंगच नाही हो. पण ठीक आहे, नवीन कामाला बघतो.

पेवातला_प्रोग्रामर · १६ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

हरिपूरकर हजर. रेस्ट रेस्ट चाललंय म्हणून बोलतो. हा शब्द रॉय फील्डिंगनं २००० साली आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडला, अर्व्हाइनला, कॅलिफोर्निया विद्यापीठात. त्यात जेसन नाही, गेट-पोस्टचा तक्ता नाही. सर्व्हरनं मागच्या रिक्वेस्टची आठवण ठेवायची नाही, उत्तर कॅश करता येतं की नाही ते सांगायचं, सगळीकडं एकसारखा इंटरफेस, आणि पुढं काय करता येईल ते उत्तरातल्या लिंकनंच कळलं पाहिजे. २००८ मध्ये त्यानं वैतागून लिहिलं होतं की लिंकाच नसतील तर त्याला रेस्ट म्हणू नका. तुमचं सगळं वर चाललंय ते रेस्ट नाहीच.

हळदीचा_डाग · १६ नोव्हेंबर, दुपारी ३:१२

आले मास्तर. आता धागा पेवात घालून वर माती लावणार

पेवातला_प्रोग्रामर · १६ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

हसा. पण कामाचं सांगतो ते घ्या. लॉटच्या उत्तरात "डिलिव्हरी ऑर्डर टाका" अशी लिंक तेव्हाच द्या जेव्हा भाडं चुकतं झालंय आणि लॉटवर बँकेचा बोजा नाही. ॲपनं एवढंच बघायचं, लिंक आहे तर बटण दाखव, नाही तर नको. नाहीतर बोज्याचा नियम तीन ॲपमध्ये तीनदा लिहाल, उद्या मालकांनी नियम बदलला की दोन ठिकाणी बदलाल आणि तिसऱ्यात विसराल. अडत्यांच्या फोनमध्ये तर ॲप अपडेट करायला पण जागा नसते, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेला.

सर्व्हरनं नियम परत तपासायचा तो तपासायचाच.

हळदीचा_डाग · १६ नोव्हेंबर, दुपारी ३:४८

हे भारी आहे. माती काढतो.

विश्रामबाग_तिसरं_वर्ष · १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२५

कॅशिंगचं अजून डोक्यात बसत नाही, सोपं उदाहरण?

मिरज_जंक्शन · १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

आयर्विनची पातळी, म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती.

जुलै-ऑगस्टात अख्खी सांगली काय करते? दर पाच मिनिटांनी "आयर्विन किती झालं". ४० फूट इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला तर ५७ च्या वर गेलं होतं. समज तू ते दाखवणारा एपीआय केलास आणि आकडा तासाला एकदाच बदलतो. लाख माणसं विचारतायत आणि प्रत्येकासाठी तू डेटाबेसला उठवतोयस, कशासाठी? उत्तरासोबत सांगायचं की हे उत्तर अमुक सेकंद शिळं होत नाही, मग मधला कॅशच वाटत बसतो. वेळ संपल्यावर फोन ईटॅग (उत्तराच्या आवृत्तीची खूण) घेऊन येतो, "माझ्याकडं हे आहे, बदललंय का?", नसेल बदललं तर ३०४ ("तेच आहे"), आत काही मजकूरच नाही. पण हे सगळं गेट या मेथडवर चालतं. पातळी विचारायला पोस्ट ठेवलास तर मधला कॅश हात वर करतो.

शेतकऱ्याच्या शिल्लक पेट्यांना मात्र असं सामायिक कॅश लावू नका, एकाची शिल्लक दुसऱ्याला दिसेल.

तिसरी_शिफ्ट · १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३३

पुराचा विषय निघालाच आहे तर, सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही गावभागातल्या ऑफिसात ठेवणारे लोक मी बघितलेत. २०१९ ला मशीन डोक्यावर घेऊन गच्चीवर नेलं होतं. भाड्याचा सर्व्हर घे आणि बॅकअप तिसरीकडं.

अजिंक्यतारा · १६ नोव्हेंबर, रात्री ९:०८

एकाची शिल्लक दुसऱ्याला दिसेल यावरनं. सगळ्यात जास्त सापडणारं भोक हेच आहे. लॉगिन बरोबर, टोकन बरोबर, पण पाथमधला आकडा ४१७ चा ४१८ केला की शेजाऱ्याचा माल. ओवास्प या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या यादीत २०१९ ला पण हे पहिलं होतं आणि २०२३ ला पण पहिलंच. बेदाण्यात तर कुणाकडं किती माल दाबून ठेवलाय हे कळणं म्हणजे सौद्यात दर पाडायला मोकळं रान. क्वेरीतच "हा लॉट आणि हाच शेतकरी" अशी अट घाला. यूयूआयडी आहे म्हणून कुणाला सापडणार नाही, या भरवशावर राहू नका.

आणि टोकन (लॉगिननंतर मिळणारा परवाना) साधं ठेवा, डेटाबेसमध्ये नोंद असलेलं. जेडब्ल्यूटी (सही केलेलं, डेटाबेस न बघता तपासता येणारं टोकन) सगळे घेतात म्हणून घेऊ नका. गेटवरचं पोरगं काम सोडून गेलं की त्याचं टोकन त्याच मिनिटाला मेलं पाहिजे, जेडब्ल्यूटी मुदत संपेपर्यंत चालत राहतं, नाहीतर त्याला वेगळी काळी यादी ठेवा.

बेदाणा४२ · १७ नोव्हेंबर, रात्री ११:१८

लय शिकायला मिळतंय. आता शिल्लकेचं विचारतो. लॉटमध्ये १५० पेट्या, एका अडत्यानं १०० ची ऑर्डर टाकली, त्याच क्षणी दुसऱ्यानं ८० ची. मी पॅचनं (आहे त्यात दुरुस्ती करायची मेथड) शिल्लक कमी करणार होतो. पहिला लिहिणार ५०, दुसरा लिहिणार ७०, जो शेवटी लिहील तो खरा. हे पण त्या ४० मिलिसेकंदासारखंच झालं ना?

तिसरी_शिफ्ट · १७ नोव्हेंबर, रात्री ११:४०

झालं. बरोबर पकडलंस.

शिल्लक हा रकाना ॲपला लिहूच देऊ नकोस. दिवाणजीच्या वहीत शिल्लक कोण खोडून लिहितो का? आवक एका बाजूला, जावक दुसऱ्या बाजूला, शिल्लक निघते. तसंच इथं. प्रत्येक डिलिव्हरी ऑर्डर हा वेगळा रिसोर्स, पुट /जावक/खूण. सर्व्हर ट्रान्झॅक्शनमध्ये लॉटची ओळ लॉक करणार, शिल्लक काढणार, पुरत असेल तर नोंद, नाही तर ४०९ (मेळ बसत नाही) आणि तपशिलात "५० पेट्या शिल्लक". रद्द करायची असेल तर नोंद पुसायची नाही, रद्दीची नोंद घालायची. मालकांचा सीए खूष होतो, हा वरचा फायदा.

पॅच ठेव पत्ता, फोन नंबर असल्या दुरुस्त्यांना. दोघा कारकुनांनी एकच शेतकरी उघडला तर ईटॅग घे, इफ-मॅच हेडरात जुना आला की ४१२, "मधे कुणीतरी बदललंय, परत बघा".

मिरज_जंक्शन · १८ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी, दोन्ही मी भोगलेल्या.

लॉट नंबर स्ट्रिंगच ठेवा. ००४२ हा आकडा म्हणून पाठवला की पलीकडं ४२ होतो आणि पेटीवरच्या शिक्क्याशी जुळत नाही.

दुसरं, वेळ. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ), आपण साडेपाच तास पुढं. मार्चात रात्री एक वाजता आवक घेतली की यूटीसीत अजून आदल्या दिवशीचे साडेसात वाजलेले असतात. ३१ मार्चच्या रात्रीचा माल... म्हणजे कॅलेंडरनं १ एप्रिलचा, तो कागदावर ३१ मार्चला पडतो आणि महिन्याचं भाडं जास्त लागतं. शेतकरी बरोबर तेवढंच शोधून काढतो. वेळ पाठवताना +०५:३० सकट पाठवा आणि भाडं काढताना आपल्याच तारखेवर काढा.

हळदीचा_डाग · १८ नोव्हेंबर, सकाळी ९:५१

आणि ओटीपी लॉगिन ठेवणार असशील तर एसएमएसची डीएलटी नोंदणी (धंद्याचे मेसेज पाठवायची सक्तीची नोंदणी) आजच सुरू कर, टेम्पलेट मंजूर होईपर्यंत मेसेज जात नाहीत. माझे त्यात दिवस गेलेत.

बेदाणा४२ · २० नोव्हेंबर, रात्री १०:४४

ठरलं एकदाचं. लारावेल, एकच ॲप्लिकेशन, पोस्टग्रेस डेटाबेस. कारण दुसरं तिसरं काही नाही, रात्री दीडला फोन मलाच येणार आणि झोपेत पण मला लारावेलच वाचता येतं. मावसभाऊ दोन दिवस बोलला नाही, मग त्याला म्हणलं ओपनएपीआयची फाईल (एपीआयचं ठरलेल्या साच्यातलं वर्णन) तू लिही, ॲपला काय लागतं ते तूच ठरव, मी त्याबरहुकूम सर्व्हर करतो. खूष झाला. आता तोच मला दटावतो, "फाईलमध्ये नाही ते पाठवू नकोस". ती फाईल आधी लिहिल्यामुळं त्याला खोट्या सर्व्हरवर ॲप सुरू पण करता आलं.

हळद भाऊ, आपोआप डॉक्स नाही मिळालं पण हातानं लिहिल्यामुळं विचार जास्त झाला. ग्राफक्यूएल सोडलं, आमच्या तीन ॲपचे मिळून सतरा एंडपॉइंट भरले, त्याला कशाला तोफ.

अजिंक्यतारा · २० नोव्हेंबर, रात्री १०:५९

गो राहिलंच शेवटी 😔 असू दे. पाथमध्ये व्ही१ (आवृत्ती) तेवढं घाल, आणि उत्तरात रकाने वाढवा पण आहे ते काढू नका.

बेदाणा४२ · ९ मार्च, रात्री १२:३७

धागा वर काढतोय. सीझन सुरू झाला, आज बारा टेंपो.

चालू करायच्या आधी ताई म्हणाल्या तसली परीक्षा घेतली. टॅब घेऊन चेंबरच्या दारात उभा राहिलो, आत-बाहेर आत-बाहेर, मालकांना म्हणलं तुम्हीच दाबा सेव्ह, पाहिजे तेवढं. त्यांनी अकरा वेळा दाबलं. बाहेर आलो, डेटाबेस बघितला, एक पावती. मालकांनी पाठ थोपटली, चहा सांगितला.

चहा येईपर्यंत गेटवरचा थर्मल प्रिंटर सुरू झाला आणि त्यानं एकामागं एक अकरा पावत्या छापल्या. प्रत्येक यशस्वी उत्तराला छापायचं असं मावसभावानं लिहिलं होतं, २०१ आलं काय आणि २०० आलं काय. परीक्षेतच सापडलं म्हणून बरं, नाहीतर ड्रायव्हर दोन-तीन खिशात घालून गेला असता आणि त्या पावतीवर माल सुटतो.

आता फक्त २०१ वर छापतो. पण पावती पडली आणि उत्तर वाटेतच हरवलं तर २०१ टॅबला कधी दिसतच नाही, पुढच्या खेपेला २०० येतो आणि ड्रायव्हर पावतीशिवाय उभा. त्याला काय करू?

तिसरी_शिफ्ट · ९ मार्च, सकाळी ६:५०

स्टेटसवरनं छापायचं ठरवू नको. या खुणेची पावती छापली का ते टॅबच्या एसक्यूलाइटलाच लिही, खुणेशेजारी. छापली नसेल तर २०० वर पण छाप. परत छापायला वेगळं बटण दे आणि तिथनं निघणाऱ्या कागदावर आडवं मोठ्या अक्षरात "नक्कल" येऊ दे. किती नकला निघाल्या ते सर्व्हरला कळव.

बेदाणा४२ · ९ मार्च, दुपारी २:१५

केलं. सकाळपासनं सात टेंपो, सात पावत्या, एक नक्कल. ती नक्कल मालकांनीच काढली, बटण चालतंय का बघायला.